कपाटाच्या पायाखालचं पाणी

मित्रांनो, रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला भागूबाईचं घर आहे. त्या घराच्या स्वयंपाकघरात भिंतीपासून वीतभर सुटं, निळ्या रंगाचं जे जुनं जाळीचं कपाट उभं आहे, ते मी. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्मच संशयातून झाला. तळलेले बांगडे शेजारची मांजर पळवते की घरातलंच माणूस, हे भागूबाईला कळेना. शेवटी तिने बाबू सुताराकडून मला करून घेतलं. फणसाचं लाकूड, तीन कप्पे, दारांना बारीक जाळी. तिचा नवरा गंगाराम याने होडी रंगवून उरलेला निळा रंग मला दिला. पुढे दर वर्षी होडी रंगली की उरलासुरला रंग माझ्या वाट्याला येई, त्यामुळे आपण होडीच्या घराण्यातले आहोत असं मला वाटायचं.

माझ्या चार पायांखाली चिनी मातीच्या चार वाट्या ठेवल्या आणि त्यांत पाणी भरलं. मुंगी यायची ती पाण्याच्या काठावरच अडायची. दर शनिवारी मासळी विकून आली की भागूबाई माझा एकेक पाय उचलून वाटी काढी, पाणी मोरीत ओती, वाटी राखेने घासून पुन्हा भरी आणि वर रॉकेलचा एक थेंब सोडी. हे काम एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही. शेजारणी म्हणत, "भागूबाय, तुझ्या कपाटात शिरायला मुंगीला पण चिठ्ठी लागते गो."

मग घरात फ्रिज आला. मासे आणि दूध तिकडे गेलं. माझ्याकडे साखर, गूळ आणि रिकामे डबे उरले. रेशनवरचं रॉकेल बंद झालं. भागूबाईचे गुडघे दुखायला लागले, खाली बसणं सुटलं. मुलाचं, सर्वेशचं, लग्न झालं आणि सून नेत्रा घरात आली. पहिल्याच आठवड्यात भागूबाईने तिला बजावलं, "ह्या वाट्या कधी सुक्या पडू द्यायच्या नाय. ध्यानात ठेव."

"बरं, आई," नेत्रा म्हणाली.

तिचा मला भरवसा नव्हता. मोबाईलवर बोलत भांडी घासणारी मुलगी ती. तिने कामांचे वार लावले: सोमवारी पंखे, बुधवारी डबे, शुक्रवारी मोरी. यादी करून फ्रिजवर चिकटवली. फ्रिजवर, माझ्यावर नाही, आणि यादीत माझं नावही नाही. भागूबाईलाही तिचा संशय होताच. नेत्रा बाहेर गेली की ती डब्यांमागे बोट फिरवून धूळ बघायची. वाट्यांत मात्र रोज सकाळी न चुकता पाणी पडायचं. ते आम्ही दोघांनीही कधी मोजलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सात वर्षांचा नातू चिराग तापाने फणफणला. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला आणि पोराला दवाखान्यात ठेवून घेतलं. रक्तातल्या पेशी रोज उतरत होत्या. सर्वेश तिथेच बसून होता. दोघी आळीपाळीने डबा घेऊन जात आणि घरी आल्या की एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघत.

"त्या बाटलीतल्या वेलीने मच्छर केले," भागूबाई म्हणाली. खिडकीत नेत्राने बाटलीत मनीप्लांट लावला होता.

"त्याचं पाणी मी दर रविवारी बदलते, आई. यादीत आहे. आधी शेजारच्यांच्या टायरांत साचलेलं पाणी बघा."

"शेजारची पोरं नाय पडली आजारी. आपलंच पडलंय."

माझा संशय फ्रिजवर होता. त्याच्या पाठीमागे पाण्याचा ट्रे असतो, हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी आरोग्यसेविका निशिगंधा घर तपासायला आली. बाटलीतलं पाणी स्वच्छ निघालं. फ्रिजचा ट्रे कोरडा होता, पिंपावर झाकण होतं. मग ती माझ्यासमोर वाकली. टॉर्चचा उजेड वाटीत पडला आणि पाण्यात बारीक अळ्या वळवळल्या. चारही वाट्यांत.

"हे पाणी कधी ओतता?" तिने विचारलं.

"रोज भरते मी," नेत्रा म्हणाली. "एक दिवस चुकले नाही."

"भरता हो ताई, पण ओतता कधी?"

नेत्राने सासूकडे बघितलं. "आई, तुम्हीच म्हणालात ना, सुक्या पडू द्यायच्या नाहीत?"

भागूबाई स्टुलावर बसली.

"अर्धंच सांगितलं मी तुला," ती म्हणाली. "ओतायचं, घासायचं, हे सांगायला लागतं असं वाटलंच नाय. मला तरी कोणी सांगितलं? सासूचं बघून शिकले. तू आलीस तेव्हा माझे गुडघे गेलेले. तू बघणार कोणाचं?"

मित्रांनो, आयुष्यभर मी मांजरीवर, फ्रिजवर, सुनेवर नजर ठेवली. स्वतःच्या पायाशी काय वाढतंय, ते मला दिसलं नाही. त्या पोरीने सांगितलेलं रोज केलं होतं, आणि तिच्याच हाताने पोराच्या जिवावर बेतलं होतं.

सहाव्या दिवशी पेशी चढायला लागल्या. दहाव्या दिवशी चिराग घरी आला. हातपाय काटकुळे झालेले, पण आल्या आल्या त्याने गूळ मागितला.

त्या शनिवारी माझ्या वाट्या निघाल्या. भागूबाईने स्टुलावरून सांगितलं, "कडेला आतून घास गो, मच्छरांची अंडी काठाला चिकटतात म्हणाली ती तपासायला आलेली बाय." नेत्राने घासल्या, आणि चिरागला समोर बसवलं, बघायला. वाट्या दिवसभर उन्हात उपड्या राहिल्या. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग माझ्या पायावरून साखरेत शिरली. नेत्रा फडकं घेऊन धावली.

"राहू दे," भागूबाई म्हणाली. "खाऊन खाऊन खातील किती?"

मित्रांनो, घरातली एखादी रीत मोठ्या माणसांनी तुम्हाला सांगितली, तर ती जरूर पाळा, पण आधी थोडा संशय घ्या. ती अख्खी सांगितली आहे का? ती कशासाठी आहे? मला विचारता आलं नाही, मी लाकडाचं आहे. तुम्हाला तोंड आहे.