हवेत लिहिलेला सहा

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, त्यामुळे लगेच पाढे म्हणायला लागू नका. वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्याने बांधायची, पंज्याएवढी पत्र्याची पाटी. विमानाच्या पंखातून उरलेल्या पत्र्यातून फिटरकाकांनी मला कापलं, कडा घासल्या, पांढरा रंग दिला आणि दोरीने एक पेन्सिल बांधली. मित्रांनो, आता मी एका खणात पडून असते आणि माझा स्वभाव फार चिडका झाला आहे. का, ते ऐका.

माझी मालकीण चाचणी वैमानिक होती. जे विमान आधी कोणीच उडवलेलं नाही, ते पहिल्यांदा उडवायचं आणि त्यातली खोट शोधायची, हे तिचं काम. सगळे तिला ताई म्हणत. बावीस वर्षांत आम्ही दोघींनी अकरा नवी विमानं तपासली. एकदा तिच्या पायाशी धूर निघाला, तर या बाईने आधी माझ्यावर वेळ लिहिली आणि मग उतरायची घाई केली. तिची आई म्हणायची, "एवढी शिकलीस आणि शेवटी मांडीवरच लिहितेस? टेबल नाही का देत तुला?"

आमच्या कामाचा एक नियम होता. विमानाला गुण द्यायचे ते हवेत असतानाच. एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे जीव वाचला हेच खूप. जमिनीवर आलं की चहा मिळतो, भीती ओसरते आणि माणूस उगाच उदार होतो. म्हणून चाकं टेकायच्या आत आकडा लिहायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. चारपर्यंत चालतं. पाच झाले की दुरुस्ती सक्तीची.

बारावं विमान आलं. उतरताना वेग कमी झाला की ते डावीकडे ओढायचं. ताईचा हात इतका तयार, की तिला कळायच्या आत तो विमान सावरायचा. तिने माझ्यावर लिहिलं, 'डावीकडे ओढ. सहा.'

बैठकीत मोठे साहेब आलेख पुढे सरकवून म्हणाले, "यंत्रांत तर काहीच दिसत नाही. रेघ सरळ आहे."

"सरळ आहे, कारण मी ती सरळ ठेवली!" ताई म्हणाली.

"मग झालं तर! सांभाळता येतंय ना?"

आठ वेळा आम्ही उडालो, आठही वेळा सहा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पाहुण्यांसमोर विमान दाखवायची तारीख ठरली होती आणि साहेबांना फक्त ती तारीख दिसत होती. मला तोंड असतं तर मी त्या टेबलावर बोंब मारली असती. पण पाटीचं कोण ऐकतं?

नवव्या दिवशी ताई थकली. जमिनीवर, चहा पिताना, तिने अंगठ्याने माझ्यावरचा सहा पुसला आणि चार लिहिला. "मीच उडवणार आहे ना," ती पुटपुटली. "मला माहीत आहे ते कसं आहे." मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

ऐन दिवशी माशी शिंकली. सर्दीने ताईचे कान बंद झाले आणि डॉक्टरांनी उड्डाणाला मनाई केली. तिच्या जागी दुसरा वैमानिक जाणार होता. अखंड बोलायचा, म्हणून सगळे त्याला बडबड्या म्हणत. ताई मला बगलेत धरून त्याच्यापाशी गेली.

"उतरताना जरा डावीकडे ओढतं. सांभाळ."

"वाचलं मी. चारच ना? चालतंय की!"

बाजूला साहेब उभे होते. ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात तो शिडी चढून गेला.

त्याने विमान छान फिरवलं. उतरताना, धावपट्टी हाताशी आली असताना, डावा पंख खाली गेला आणि जमिनीला लागला. बडबड्या वाचला. त्याचा उजवा हात मात्र पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही, आणि त्याचं उडणं संपलं.

नंतर खोट सापडली. दुरुस्तीला किती दिवस लागले असतील? नऊ! आम्ही भांडलो तितकेच.

मित्रांनो, आपल्याला सांभाळून घेता येतं म्हणून एखाद्या वस्तूची खोट लपवू नका. ती उद्या दुसऱ्याच्या हातात जाते, आणि त्याला तुमचा हात उसना मिळत नाही. मोठ्यांनी दहादा विचारलं तरी दहादा तेच खरं सांगा. कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. तरी सांगा.

ताई बडबड्याला भेटायला दवाखान्यात गेली तेव्हा मला घेऊन गेली होती. तिने त्याला सगळं सांगितलं. एरवी अखंड बोलणारा तो एवढंच म्हणाला, "तो चार दुसऱ्या कोणी लिहिला असता ना ताई, तर मी जपून उतरलो असतो."