उत्तरेवर ठेवलेला ट्रॅकर

एर्मेलिंदामावशीशी आमच्या विकुन्यात, चिलीतल्या या छोट्या गावात, सगळेच जपून बोलतात. मला त्या जपून बोलण्याची चीड येते, पण ती समोर आली की मीही त्यातलाच. तिचा मुलगा एलिएसेर नॉर्वेला मासेमारीच्या बोटीवर होता. बोट बुडाली, तो सापडला नाही, त्याच्या खोलीतलं सामान तेवढं खोक्यातून घरी आलं. तेव्हापासून मावशी म्हणते, "उन्हाळ्यात येईल," आणि आम्ही माना डोलावतो.

त्या दुपारी तिने माझ्या दुर्बिणींच्या दुकानात त्याचा कॅमेरा आणि ट्रॅकर आणून आपटला.

"हे मोडलंय. नवीन दे. आणि तो दुर्बिणीखालच्या स्टँडचा रणगाडा माझ्या गळ्यात मारू नकोस. अंगणात नेता नेता माझी कंबर जायची."

"मारणारच होतो, मावशी."

"माहितीये मला. लहानपणापासून लबाड तू."

तिने फोटो दाखवले. एकही तारा धड ठिपका नव्हता, सगळ्या रेघा. "त्याला आपल्या आकाशातले मॅगेलनचे ढग हवेत, ते ताऱ्यांचे पुंजके. तिकडे दिसत नाहीत म्हणून फोनवर रडायचा, येडा. तो येईल तेव्हा फोटो भिंतीवर हवा."

आकाश सरकतं, म्हणून ट्रॅकर कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या चालीने हळूहळू फिरवतो. नवशिक्याला हातात मावेल एवढा पुरतो, कॅमेरा पेलला म्हणजे झालं. तिचा तर उत्तम होता. मी तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. बाजूचं बटण उत्तरेवर होतं. नॉर्वेकडचं आकाश आपल्या दक्षिणेतल्या आकाशाच्या उलट फिरतं. इथे विकलेले ट्रॅकर मी दक्षिणेवर करूनच देतो, त्यामुळे त्या बटणाकडे कुणी बघतसुद्धा नाही.

"मोडलेलं नाही गं. हे बटण फक्त..." मी बोट पुढे केलं.

तिने माझ्या हातावर फटका मारला. "हात लावू नकोस! त्याने ठेवलंय ते. परत तिकडे गेला की त्याला तसंच लागेल."

मी हात मागे घेतला. फळीवरून छोटा ट्रॅकर काढला, दक्षिणेवर केला. तिने तो हातात तोलून पाहिला, वर कॅमेरा बसवून हलवून पाहिला. "हा चालेल," म्हणाली. मी तो पिशवीत घातला. पण मावशी जागची हलेना.

"सगळे मला हो हो करतात," ती म्हणाली. "तू तर फटकळ म्हणून गावभर बदनाम आहेस. मग खरं सांग. त्याला तिकडचं आकाश परत लागणार आहे का?"

मला रडू आवरेना. पण खोटं बोलायचं धैर्य नव्हतं माझ्यात.

"नाही, मावशी. नाही लागणार."

तिने पिशवी माझ्याकडे सरकवली आणि त्याचा ट्रॅकर ओढून घेतला. बटण घट्ट होतं. दोनदा अंगठा घसरला. मी मदतीला गेलो नाही. तिसऱ्यांदा ते सरकलं आणि दक्षिणेवर जाऊन थांबलं.

"एलिएसेर," ती म्हणाली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडली. बोट बुडाल्याची बातमी आली त्या दिवशीही ती रडली नव्हती. मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.