काठोकाठ भरलेला प्याला

सोव्हिएत संघ मोडून दोन वर्षं झाली, तरी अल्माटीच्या स्टुडिओतलं परीक्षण मंडळ काही मोडलं नव्हतं. जन्मभर मेंढपाळांचे आणि ट्रॅक्टरांचे सिनेमे पास करणाऱ्या या म्हाताऱ्यांपुढे आज दिग्दर्शक येर्केबुलानचा सिनेमा होता: एक खून, भरपूर संशय आणि तीन वेळा बिछाना. हा अडकला तर आपण संपलो, हे त्याला ठाऊक होतं. दोन वर्षं त्याने बायकोकडे, झाउरेशकडे, ढुंकून पाहिलं नव्हतं. सिनेमा पास झाला की सगळं भरून काढू, असं तो मनाशी घोकत आला होता.

दिवे लागले. अध्यक्ष कैरगेल्दी आगांनी नेहमीप्रमाणे कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गुण, उजवीकडे दोष.

"प्रेत झकास पडलंय," ते म्हणाले. "आमच्या वेळची प्रेतं श्वास घ्यायची. गुण."

"गालिचा अस्सल आहे," शेजारचे म्हणाले. "गुण."

"आणि आगा... बाकीचं?" येर्केबुलानने चाचरत विचारलं.

"ते उघडंवाघडं होय? मला सात पोरं आहेत रे, मला काय दाखवतोस! पण जानेवारीत खिडकी सताड उघडून बाई तशी उभी राहते? कंबर धरेल तिची. दोष."

येर्केबुलानचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मंडळातल्या कुल्याश आपांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं त्या स्टुडिओत फिल्म कापत-जोडत आल्या होत्या.

"चहाचा प्रसंग खोटा आहे," त्या म्हणाल्या. "बाई त्याच्यावर जीव टाकते म्हणतोस, आणि प्याला काठोकाठ भरते? अरे, आपल्याकडे माणूस हवासा असला की तळाशी दोन घोट ओततात. तो पुन्हा मागतो, पुन्हा बोटांना बोटं लागतात. काठोकाठ भरला म्हणजे पी आणि चालू लाग! तुझ्या तिन्ही बिछान्यांना तो प्याला भारी पडला असता, आणि नेमका तोच घालवलास."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"नटीचं चुकलं असेल," आगा म्हणाले.

"ते हात नटीचे नाहीत. रोज चहा देणाऱ्या बाईचे आहेत. अशी बाई चुकत नाही, आगा."

येर्केबुलानच्या तोंडचं पाणी पळालं. नटीला धड ओतता येईना, म्हणून ते हात त्याने झाउरेशचे घेतले होते, घरच्याच टेबलावर. कॅमेऱ्याशेजारी बसून तो प्याला त्याने स्वतः हातात घेतला होता. प्रकाश छान पडलाय, असं म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलाही होता.

मंडळाने सिनेमा पास केला. अट एकच: चहा पुन्हा चित्रित करायचा, हात तेच, ओतायचा थोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅमेरा घेऊन घरी आला. वाटभर त्याने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. माफी मागायची होती, बरोबर जेवायचं होतं, आणि त्याला मनातून भीती वाटत होती. झाउरेश समोर बसली, तिने किटली उचलली.

"या वेळी थोडाच ओत," त्याच्या तोंडून निघून गेलं. "मंडळाने सांगितलंय."

"मंडळाने?" झाउरेश म्हणाली.

तिने प्याला काठोकाठ भरला आणि एक थेंबही न सांडता त्याच्यापुढे ठेवला.