घरात कुणीतरी आहे

एल आल्तोच्या त्या उघड्या, बोचऱ्या वाऱ्याच्या पठारावर रिकामे घर म्हणजे चोराला धाडलेले आवतण, हे तिथे सर्वांनाच ठाऊक असते. म्हणून सेवेरो लारूता यांनी घर सोडण्याची तयारी, घर बांधताना घेतली होती तितक्याच काळजीने केली. भिंतीच्या माथ्यावर काचा पूर्वीपासून रोवलेल्या होत्या. आता परसदाराला आतून अडसर घातला, पुढच्या दाराला दुसरे कुलूप बसवले आणि दिव्याला व रेडिओला टायमर जोडला. दिवेलागणीला दिवा आपोआप लागावा आणि सकाळी रेडिओ बोलू लागावा, अशी ती योजना होती. जन्मभर वीजतंत्री म्हणून राबलेल्या माणसाला त्यात अवघड काही नव्हते.

कोचाबांबाला मुलीकडे नातवाचे पहिले केस कापायचे होते, आणि आजी-आजोबांवाचून कातर चालणार नव्हती. मागे राहिले कुत्रे आणि दोरीवरचे कपडे. त्यांच्यासाठी जवळच्या व्हियाचा गावाहून बायकोचा धाकटा भाऊ, हुस्तो, रोज येणार होता.

"दाजी, एवढा बंदोबस्त तुरुंगालाही नसतो," किल्ल्या खिशात टाकत हुस्तो म्हणाला. "आत ताई ठेवलीय की सोनं?"

"दात काढू नकोस. कुत्र्याला घाल, दोरीवरचे कपडे बदल आणि निघ. कुणी विचारलं तर?"

"दाजी आणि ताई झोपलेत."

"आणि परत विचारलं तर?"

"तरी झोपलेत. गाढ."

बायकोला, निकोलासाला, हे पटत नव्हते. "निदान शेजारच्या प्रिमितिवाला तरी सांगून ठेवा," ती म्हणाली. "ती काय परकी आहे?"

"तिच्या कानात पडलं की बाजारात पडलं. घर रिकामं पडलेलं कळतं ते आधी शेजाऱ्याला, मग चोराला."

सेवेरोंच्या बोलण्याला गल्लीत वजन होते. पोलीस डोंगर चढून येईपर्यंत चोर दोन गल्ल्या पार करतो, हे बघून त्यांनीच घरोघरी शिट्ट्या वाटल्या होत्या. लांब शिट्टी ऐकू आली की हातातले काम टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचे. कोपऱ्यावरच्या खांबाला गळ्यात दोर बांधलेले चिंध्यांचे बाहुले लटकत होते, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. येणाऱ्याने काय ते समजून घ्यावे.

नवराबायको निघाली ती पाठीवर नुसते एक गाठोडे बांधून, बाजाराला निघाल्यासारखी.

कोचाबांबाच्या अंगणात नातवाच्या केसांना रंगीत फिती बांधल्या होत्या. पहिली बट ताटात पडली, आणि सेवेरोंच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे प्रिमितिवा होती. मागे माणसांचा गलका.

"कोण? सेवेरोभाऊ? अगं बाई, तुम्ही जिवंत आहात!"

"जिवंत म्हणजे? काय झालं?"

"तुमच्या घरात माणूस घुसला होता हो! मी दार वाजवलं, तर म्हणतो झोपलेत. भर दुपारी! हाक मारा म्हटलं, तर म्हणतो गाढ झोपलेत. मी ढकलून आत गेले, तर बिछान्याला सुरकुती नाही. सकाळी तर रेडिओ ऐकला होता मी. रात्री दिवा पाहिला होता. आम्हाला वाटलं, त्यानं तुम्हा दोघांना मारून कुठं तरी पुरलं. मीच फुंकली शिट्टी."

सेवेरोंच्या हातातली कातर खाली पडली.

"बाई, तो माझा मेहुणा आहे! हुस्तो! आम्ही कोचाबांबाला आलोय. सोडा त्याला!"

"तोही आता तेच बरळतोय, कोचाबांबा, कोचाबांबा. मघाशी का नाही बोलला?" मग ती गर्दीकडे वळून ओरडली, "अरे थांबा! सेवेरोभाऊ बोलतायत!"

दुरून एका पुरुषाचा आवाज आला, "कशावरून? चोरांचे साथीदार मालक बनून फोनवर बोलतात. मालकाचं तोंड दिसल्याशिवाय सोडायचं नाही, हे बैठकीत खुद्द सेवेरोभाऊंनी सांगितलंय!"

तो आवाज दुकानदार तेओदोसिओचा होता. सेवेरो जिवाच्या आकांताने ओरडले, "बाई, फोनचा आवाज मोठा करा, सगळ्यांना ऐकू दे! तेओदोसिओ, अरे नालायका, तुझ्या दुकानाची तार मीटर चुकवून कुणी जोडून दिली? त्या दिवशी शिडी कुणी धरली होती? तू! आणि वरून चटका बसल्यासारखा किंचाळलास, तेव्हा तारेत वीजही नव्हती!"

मग कुणीतरी हसले. "म्हातारा तोच रे!"

"ऐका सगळे," सेवेरो म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "घरात कुणी नव्हतं. दिवा खोटा, रेडिओ खोटा. झोपलेत म्हणायला मीच शिकवलं त्याला. तुमच्यापैकी कुणालाच मी सांगितलं नाही. सोडा त्याला."

गलका हळूहळू विरला. दोर सोडवताना पुटपुटणारी माणसे, कुत्र्याचे भुंकणे, वारा. मग पुन्हा प्रिमितिवा.

"सोडला, भाऊ. पण तो उठत नाहीये."

अंगणात निकोलासा त्यांच्यासमोर उभी होती. तिने ऐकले होते सगळे. पोर अर्धवट कापलेल्या केसांनिशी रडत होते आणि त्याला उचलायला कुणाचे हात पुढे येत नव्हते.

त्यांची बस डोंगर चढून एल आल्तोला पोहोचण्याआधीच हुस्तोने दवाखान्यात प्राण सोडला.

त्याला सेवेरोंच्या घरातच ठेवले. रीतीप्रमाणे सगळी गल्ली जागरणाला आली. बायकांनी सूप आणले, पुरुषांनी बाके आणली, तेओदोसिओने दुकानातल्या मेणबत्त्या आणल्या. पहिला घाव कुणाचा, हे कुणी बोलले नाही आणि सेवेरोंनी विचारलेही नाही. पोलिसांत जायचे तर सांगायचे काय? गल्लीने केले ते त्यांनीच शिकवले होते, आणि बिनचूक केले होते.

प्रिमितिवा त्यांच्याजवळ येऊन बसली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"एक शब्द टाकला असतात, भाऊ. मीच कुत्र्याला घातलं असतं."



मग चघळायची कोकाची पाने फिरू लागली. अशा वेळी एकाने ओंजळभर द्यायची, दुसऱ्याने दोन्ही हातांनी घ्यायची. नकार द्यायचा नसतो. एकेक शेजारी पुढे येत होता. कुणाची बोटे सोललेली, कुणाच्या मनगटाला फडके. सेवेरो प्रत्येक हाताकडे पाहत होते आणि प्रत्येकाकडून पाने घेत होते. निकोलासानेही सगळ्यांची घेतली, प्रिमितिवाची, तेओदोसिओचीसुद्धा, मान खाली घालून.

शेवटी सेवेरोंनी आपली ओंजळ भरली आणि भावाच्या उशाशी बसलेल्या बायकोपुढे धरली.

निकोलासाने हात शालीखाली घेतले.

सगळी खोली बघत होती. ओंजळ मागे घ्यावी की तशीच धरून ठेवावी, हे सेवेरोंना कळेना. ते धरून राहिले.