सोजराबाईंचा टोप

लग्न होऊन या घरात आल्यावर मी एकच नियम केला. माझ्या माहेरच्या मायक्रोवेव्हमध्ये ॲल्युमिनियम ठेवायचं नाही. सासूबाईंनी तो पाळला. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, त्यातच ॲल्युमिनियम वितळवलं!

तात्या तारापूरच्या एका कारखान्यात ओतकाम करायचे. निवृत्त झाले तरी हाताची खाज गेली नव्हती. पण या वेळी कारण होतं आईंचा, म्हणजे सासूबाईंचा हात. संधिवाताने बोटं वाकली होती, खुरप्याची गुळगुळीत मूठ हातात ठरत नव्हती. शिरगावच्या वाडीत जन्म घालवलेली बाई पायरीवर बसून पानवेलीतलं तण नुसतं बघत राहायची. मला ते बघवत नसे.

तात्यांनी मऊ केलेलं मेण आईंच्या हातात दिलं. "धर सुले. बोटं वाकतात तशीच वाकू दे."

"वाकडा हात मिरवायचा हाय का माजा?" आई करवादल्या, पण धरलं.

त्या मेणाभोवती तात्यांनी प्लास्टरचा साचा केला. तापवल्यावर मेण वाहून गेलं आणि आत आईंच्या मुठीएवढी पोकळी राहिली. मग माझा मायक्रोवेव्ह मागच्या पडवीत गेला. मी बोंबाबोंब केली.

"तो धातूला नाय तापवत गो," तात्या म्हणाले. "ही काळी मूस तापते, आनि मूस धातूला वितळवते."

ठिणगी उडाली नाही, हे खरं. ती वाटीसारखी मूस लाल झाली आणि तिच्यात टाकलेले जुन्या टोपाचे तुकडे पाण्यासारखे पातळ झाले. तात्यांनी ते साच्यात ओतून निवायला ठेवले.

संध्याकाळी आईंनी विचारलं, "माळ्यावरचा टोप कुटं गेला? सोजराबाई नाव घातलेला?"

सोजराबाई म्हणजे आईंची आई. माळ्यावर भोक पडलेले दोन टोप होते, दुसरा तात्यांच्या आईचा. आपल्या आईचा समजून तात्यांनी नाव न वाचताच भलताच टोप कापला होता. त्यांचं तोंड एवढंसं झालं. आई उठून आत निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तात्या साच्याला हात लावेनात. शेवटी आईच पडवीत आल्या. "फोडा," म्हणाल्या.

तात्यांनी साचा फोडला, मूठ घासली, भोक पाडून खुरप्यावर ठोकली. आईंनी ती धरली. एकेक बोट आपापल्या खाचेत जाऊन बसलं.

"मनोरच्या बाजारात माजी आई असाच हात धरायची," त्या म्हणाल्या. "हरवशील म्हनायची."

मला रडू आलं, त्यात लपवायचं काय? तात्या तर पाठ फिरवून उगाच मायक्रोवेव्ह पुसत बसले.

आई वाडीत उतरल्या. थोड्या वेळाने पानवेलीतून हाक आली, "अवो, डावा हात पन वाकडा व्हाया लागलाय. तुमच्या आईचा टोप हाय ना अजून? तिला सांगा, आता तरी सुनेचा हात धर म्हनावं."