दोन नावांचा काळा पट्टा

मी काळा पट्टा बोलतोय. ज्यूदोचा. माझं कौतुक करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

जपानमध्ये मला विणलं आणि एका टोकावर सोनेरी धाग्याने 'मिझुहारा' हे नाव भरलं. त्या माणसाच्या कमरेला असताना मी जगज्जेतेपद पाहिलं. त्याने समोरच्याला कधी उचललं आणि कधी आपटलं, ते मलाही कळायचं नाही. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. सरावात एखादं पोर दमून खाली बसलं, की हाच माणूस त्याला बांबूने उठवायचा. त्याला अडवणारं तिथे कुणी नव्हतं.

पुढे तो न्यूझीलंडला आला. तिथल्या लोअर हट गावातल्या एका हॉलमध्ये पोरांना फुकट शिकवू लागला. खरं तेही सांगतो, खाली मान घालून येणारी पोरं त्याच्या हाताखाली ताठ चालायला लागली. पुण्याहून आलेल्या मृणालिनीताईंचा थोरला क्षितिज त्यातलाच. ताई गुरुपौर्णिमेला सरांच्या पाया पडायच्या, हातात पेढ्यांचा डबा द्यायच्या. धाकटा चिराग मागून कुरकुरायचा, "आई, ही इज जस्ट अ कोच!"

२००७च्या हिवाळ्यात क्षितिज डोक्यावर आपटला. त्याला उलटी झाली. मिझुहारा म्हणाला, "ऊठ." तो उठला, आणखी खेळला. खूश होऊन मिझुहाराने मला स्वतःच्या कमरेवरून सोडलं आणि त्याच्या कमरेला आवळलं. हे बक्षीस!

त्याच संध्याकाळी ताईंनी हौसेने माझ्या दुसऱ्या टोकावर लाल दोऱ्याने 'क्षितिज' भरलं. शेजारी तो कपाळ दाबून बसला होता. "आई, डोकं फार दुखतंय गं."

ताईंनी फोन केला. डॉक्टरांना नाही, सरांना. सर म्हणाले, "झोपू दे. उद्या सरावाला पाठवा."

सकाळी तो उठलाच नाही.

दोन वर्षांनी मिझुहारा वारला. हॉलला त्याचं नाव द्यायचं ठरलं आणि क्लबचे रमणकाका घरी आले.

"चिराग, पट्टा काचेच्या पेटीत ठेवू. हीप्स लोक येणारेत, अगदी ढिगाने. फक्त ते लाल नाव उसवून दे. लोक उगाच विचारत बसतात रे."

"विचारू देत ना!"

"अरे, त्या माणसाने किती पोरं घडवली..."

"आणि माझा दादा?"

ताई आतून कात्री घेऊन आल्या.

"आई, तू पण?" चिराग ओरडला.

ताईंनी कात्री रमणकाकांच्या हातात दिली. "तुम्हीच उसवा, भावजी. माझ्यासमोर."

काकांनी मला हातात घेतलं. लाल अक्षरांवर त्यांचा अंगठा थांबला. कात्री टेबलावर ठेवून ते उठले, चहा तसाच टाकून गेले.

चिरागने कात्री उचलली आणि सोनेरी नावात खुपसली. एक टाका तुटला. ताईंनी त्याचं मनगट धरलं.

"तेही राहू दे. ते नाव काढलंस, तर जाब कुणाला विचारायचा?"

आता मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला लटकतोय, दोन्ही टोकं पुढे काढून. हॉलमधली पेटी रिकामी आहे म्हणतात. राहू दे.

तुमचंही पोर डोकं धरून बसलं असेल आणि कुणी मोठा माणूस त्याला "ऊठ" म्हणत असेल, तर त्याच्या पाया नंतर पडा. आधी पोराला गाडीत घाला.