नवव्या टेकला दार उघडलं

टेक एक

कुलूपवाल्याला सिनेमात घेतलं ते हातांपुरतं. नायकाचे हात गोरे, गुबगुबीत आणि निरुपयोगी होते. त्यानं तिजोरीची चकती धरली की कुणीतरी लोणच्याची बरणी उघडायला बसलंय असं वाटायचं. म्हणून तोंड नायकाचं आणि हात कुलूपवाल्याचे, असं ठरलं. मेकअपवाल्या बाईंनी त्याची नखं घासली, अंगठ्यावरचा जुना चटका रंगानं बुजवला, बोटात नायकाची अंगठी चढवली.

"लग्नातसुद्धा एवढं कुणी केलं नव्हतं," तो म्हणाला.

"बायकोला सांगू नका," बाई म्हणाल्या.

त्यानं बायकोला सांगितलं. सासऱ्यांना नाही.

टेक दोन

गोष्ट अशी: चोर आणि बँकेतली कारकून एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि तिच्याच बँकेची तिजोरी फोडतात. चोर चकती फिरवतो, ती त्याच्या हातावर हात ठेवते, दार उघडतं, संगीत.

"दोघांनी मिळून फिरवली तर आकडा लागत नाही," कुलूपवाल्यानं दिग्दर्शकाला सांगितलं.

"प्रेमात लागतो."

"प्रेमात चुकतोच जास्त."

"तुम्ही फक्त फिरवा हो. दाराचा अडसर आम्ही मागून दोरीनं ओढणार आहोत."

हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. तिजोरीचं दार खरं होतं, भंगारातून आणून लाकडी चौकटीत बसवलेलं. त्याचा आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. पण दोरी आहे म्हटल्यावर नुसतं नाटक करायचं होतं.

सासऱ्यांविषयी, एका दमात

दुकान सासऱ्यांचं, विद्या सासऱ्यांची, मुलगीही त्यांचीच, आणि तिन्ही त्यांनी नेमक्या उलट क्रमानं द्यायला घेतली: आधी मुलगी, मग विद्या, आणि दुकान अजून द्यायचं होतं, आणि या सगळ्यावर त्यांची अट एकच, की तिजोरी उघडताना खोलीतल्या प्रत्येकानं भिंतीकडे तोंड करायचं, मग तो घरमालक असो, पोलीस असो की खुद्द सासरे असोत, कारण ज्यानं हात पाहिले त्याला अर्धी वाट सापडली.

टेक तीन ते आठ

खोटं फिरवणं अवघड असतं. हात आपोआप खऱ्याकडे वळतात, त्यांना सारखं ओढून आणावं लागतं. शिवाय नायिकेनं हात असा गच्च दाबून धरला होता की खाली चकती आहे की भाकरीचा तवा, ते कळत नव्हतं. कुलूपवाला डावीकडे फिरवायचा, उजवीकडे फिरवायचा, मागचा माणूस दोरी ओढायचा, आणि दर वेळी काहीतरी बिघडायचं. दोरी दिसली. दिवा हलला. नायकाला शिंक आली, तोंड चौकटीत नसतानाही.

टेक नऊ

नायिका दमली. तिनं हात नुसता ठेवला, वजन न टाकता. कुलूपवाल्याचं मन तोवर घरी जाऊन जेवायला बसलं होतं. बोटं इथेच राहिली. त्यांना चकतीखाली एक बारीकशी अडखळ लागली, मग दुसरी. सगळं मिळून पाऊण मिनिट. मागचा माणूस दोरी हातात घ्यायच्या आत दार उघडलं.

टाळ्या पडल्या. नायिकेनं खरोखर दचकून त्याच्याकडे पाहिलं, आणि कॅमेऱ्यानं तेही घेतलं.

कॅमेऱ्याला कुणी भिंतीकडे तोंड करायला सांगितलं नव्हतं.

"हा टेक वापरू नका," कुलूपवाला म्हणाला.

"का?"

"खरा आहे."

"अहो, म्हणून तर वापरणार!"

अंधारात, तीन खुर्च्या

तिकिटं बायकोनं काढली. तीन. बाबांनाही नेऊया, म्हणाली, तेवढाच त्यांना बदल. त्याला नको म्हणायला कारण सुचेना, आणि खरं कारण सांगायचा धीर होईना.

सासरे पहिला तासभर पेंगले. चकती पडद्यावर आली, टेबलाएवढी मोठी, तेव्हा ते पुढे सरकले. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. बायकोनं नवऱ्याचा हात ओळखून त्याला कोपर मारलं. पाऊण मिनिट सासऱ्यांनी पापणी हलवली नाही.

बाहेर येऊन ते चपलेचा पट्टा लावत म्हणाले, "बोट हलकं ठेवायला मीच शिकवलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत.

लोक काय म्हणाले

एका वर्तमानपत्रानं लिहिलं: प्रेमप्रसंग जिवंत, पण तिजोरी उघडण्याचं दृश्य साफ अविश्वसनीय, इतक्या मुकाट्यानं कुठलीही तिजोरी उघडत नाही. दुसऱ्यानं नायकाच्या बोटांची तारीफ केली. सिनेमा चालला. जोडपी एकमेकांच्या हातांवर हात ठेवून फोटो काढू लागली, कपाटापुढे, फ्रिजपुढे.

दुकानातली सासऱ्यांची खुर्ची रिकामी होती. कुलूपवाला तिच्यावर बसत नव्हता आणि तिच्यावर सामानही ठेवत नव्हता.

निरोप

"बाबा विचारतायत, सिनेमातल्या त्या बनावटीच्या तिजोऱ्या आपण किती घरी बसवल्यात?" बायको म्हणाली.

"सतरा."

"म्हणे, सतराही घरी स्वतः जा. काय केलंस ते सांग. कुलूप बदलून दे."

"आणि मग दुकानात येतील?"

"ते नाही बोलले."

"रागावलेत फार?"

"रागावले असते तर ओरडले असते. गप्प आहेत. अहो, जा ना. इथे उभं राहून काय होणार?"

सतरा घरं

डॉक्टरीणबाई: "म्हणजे ते हात तुमचे? थांबा, सुनेला बोलावते."

छापखानेवाला: "बदलू नका बुवा. सिनेमातली तिजोरी म्हणून पाहुण्यांना दाखवतो मी."

निवृत्त शिक्षक: "पाऊण मिनिट मोजलंत? मी एक मिनिट मोजलं."

दोघी बहिणी, एकाच वेळी: "खरंच प्रेम होतं का हो त्यांचं?"

चष्मेवाला: "मी तीनदा पाहिला. घरी करून बघितलं. काही उघडत नाही. उगाच घाबरता."

प्रत्येक दारात कुलूपवाल्यानं तेच वाक्य म्हटलं: हात माझे होते, मी दाखवायला नको होते. पहिल्या घरी त्याची जीभ अडखळली. दहाव्या घरापर्यंत वाक्य गुळगुळीत झालं, आणि त्याला त्याचीच लाज वाटू लागली, म्हणून अकराव्या घरी तो जिन्यात थोडा वेळ थांबून मग आत गेला. पंधरा जणांनी नको म्हटलं. दोघांनी कुलूप बदलून घेतलं, त्यातल्या एकानं केवळ चहा झाला होता म्हणून.

सासऱ्यांच्या खोलीत

"सांगितलंस सगळ्यांना?"

"हो बाबा."

"काय म्हणालास?"

"ते हात माझे."

"आणि ते काय म्हणाले?"

"हसले. पंधरा जणांनी हाकलून दिलं, कौतुकानं."

सासऱ्यांनी मान हलवली. हसू आलं असेल तर मिशीत अडकलं. मग ते उठले, पलंगाची गादी सरकवली, भिंतीतलं फळीचं दार बाजूला केलं. आत तिजोरी होती. तीच बनावट.

"अठरावी," ते म्हणाले. "माझ्या हातची. तुला ठाऊक नव्हती."

नवं कुलूप त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं, तेलकट कागदात. कुलूपवाल्यानं जुनं काढलं. आत सासूबाईंच्या बांगड्या आणि दुकानाची कागदपत्रं होती. त्याकडे त्यानं पाहिलं, मग न पाहिल्यासारखं केलं. सासरे खिडकीशी जाऊन बसले आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघू लागले. काम तासाभराचं होतं, त्यानं दीड तास लावला.

"आकडा कोणता लावू, बाबा?"

"तू ठरव."

"ठरवून तुम्हाला सांगतो."

"मी विचारलं का?"

कुलूपवाला चकतीपुढे मांडी घालून बसला. बायकोचा वाढदिवस फार सोपा होता. लग्नाची तारीख सासऱ्यांना पाठ होती. दुकानाचा नंबर दारावरच लिहिलेला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे आकडे शोधले होते. आता त्याला स्वतःचा एकही सुचेना, आणि मागे खिडकीशी सासरे बाहेर तोंड करून वाट बघत होते, घाई न करता.